न थांबता दोन मिनिटं

— तसं न्हाई अण्णा, ऐकून घ्या आधी, उभ्या उभ्या बोलायचं काम न्हाई हे. बसा. बाकावर बसा की, पोरांचाच बाक हाय, मोडत न्हाई. क्रांतीचे वडील म्हणजे आमचे पाव्हणेच, कुंडलवरनं एवढ्या उन्हात कऱ्हाडच्या मलकापूरला आलाय, क्लास हुडकत तीन जिने चढलाय, आणि मी तुमाला दारातनं घालवीन व्हय. द्राक्षं आणली? कशाला एवढं. ठिवा टेबलावर. घरच्या बागंतली — व्हय, दिसतंयच की, मणी कसा हाय बघा. मी म्हसवडचा, आमच्याकडं नुसती बाभळ पिकती — मी खातो हां, तुमी बोला. म्हणजे काय बोलणार, मला ठाऊकच हाय तुमी कशाला आलाय. व्हिडिओ काढून टाका. तीन वर्सं झाली हा ऋषिराज सरांचा क्लास चाललाय, आईबाप आले की पहिला शब्द तोच — सर, तेवढा व्हिडिओ काढून टाका. पोरगी काय शिकली, शब्द किती पाठ झाले, कुणी विचारत न्हाई. चारची बॅच यायला अजून अर्धा तास हाय. तवर बोलू आपण निवांत.

तर आधी समजून घ्या हा व्हिडिओ काय भानगड हाय ते. तुमाला वाटतंय मी पोरीची चेष्टा केली. चेष्टा न्हाई ती, पद्धत हाय. नवीन बॅच आली की पहिल्या दिवशी एकेकाला फळ्यापुढं उभं करायचं, मोबाईल स्टँडला लावायचा, आणि म्हणायचं — चला, दोन मिनिटं स्वतःबद्दल बोला, इंग्लिशमधनं, न थांबता. बोलतंय कोण. कुणाला घाम फुटतो, कुणी वर पंख्याकडं बघतं, एक तर एवढा दांडगा पैलवान गडी, फळ्याची कड धरून उभा ऱ्हायला, म्हणलं आता फळा घेऊनच पडतोय हा. ते सगळं घ्यायचं शूट करून. मग तीन महिन्यांनी तेच पोरगं परत उभं करायचं, घडाघडा बोलतंय, ते पण घ्यायचं, आणि दोन्ही जोडायचे. आधी आणि नंतर. बघणाराला कळतं, सरांनी काय केलं ते. आता तुमच्या क्रांतीचा आधीचा टाकला मी, गणपतीच्या तोंडावर, आणि नंतरचा टाकायचा ऱ्हायला, एवढंच झालं. दिवाळीनंतर ती यायचीच बंद झाली, मग नंतरचा आणू कुठनं? आणि न विचारता टाकला म्हणू नका. फॉर्मवर सही हाय तिची. खाली बारीक अक्षरात लिवलंय, इंग्लिशमधी हाय, पण लिवलंय. वाचता येत नव्हतं तर विचारायचं.

तुमी बघितलाय का पण पुरता? न्हाई? म्हणजे न बघताच काढून टाका म्हणताय. हे बघा, हिकडं सरका, ऊन पडतंय स्क्रीनवर. ही आली. ओढणी बघा, चार वेळा नीट केली. आता — माय नेम इज. इथवर गाडी बरी आली. आता ऐका. क्. क्. क्... हितं मी एस्टीचं इंजिन टाकलंय मागं, चालू न होणारं, ऐकू येतंय न्हवं, घुर्र घुर्र — पोरांनी सुचवलं, मला कुठलं सुचतंय. आवं, स्वतःचं नाव. त्यात इंग्लिश पण काय न्हाई, तुमीच ठेवलेलं नाव, बारशात कानात सांगितलेलं, आणि तेच निघंना. नाव क्रांती, आणि क्र वरच बसली. चाळीस सेकंद. मी मोजलंय. आणि हे शेवटचं बघा, ती माझ्याकडं बघती, सर आता बास म्हणतील म्हणून — मी न्हाई म्हणालो. मुद्दाम न्हाई म्हणालो. तीच तर पद्धत हाय. चार लाख लोकांनी बघितलंय अण्णा हे. तुमच्या सगळ्या तालुक्यात तेवढी माणसं असतील का? आणि खाली कमेंट, थांबा वाचतो, चष्मा कुठाय — ‘हिला आधी मराठी शिकवा.’ ‘गाडी धक्का स्टार्ट हाय.’ ‘बापानं कॉलेजला न्हाई, द्राक्षं खुडायला पाठवायला पायजे होती’ — हे तुमच्याच गावातलं असंल कोण तरी, द्राक्षं म्हणतंय म्हणजे. हसली माणसं, व्हय, हसणारच, मला पण आलं हसू, खोटं कशाला बोलू.

तुमाला वाटत असंल मी लय वाईट माणूस हाय. ते डोळे तसे करू नका. माझं गणित सोपं हाय. जीभ कशानं अडकती? लाजंनं. मग लाजच संपवायची. चार लाख लोकांपुढं एकदा माणूस पडलं की उरलं काय लाजायला? मला कुणी असं केलं असतं तर मी आज कुठं असतो. मी बीए इंग्लिश अण्णा, कॉलेजात पहिला — पेपरात. आणि पुण्याला गेलो मुलाखतीला, फोनवर बोलायची नोकरी, काचेची बिल्डिंग, चपलेचा आवाज सुद्धा मोठा येत होता तितं. टेबलापलीकडं एक बाई, माझ्याहून लहान असंल. म्हणाली, टेल मी अबाउट युवरसेल्फ. मी म्हणालो, आय ॲम बिलाँग फ्रॉम म्हसवड. आणि पुढचं सगळं पुसून गेलं, रात्रभर पाठ केलेलं. ती हसली न्हाई. हसली असती तर बरं झालं असतं. तिनं पेन खाली ठेवलं आणि मराठीत म्हणाली, दादा, पाणी घेता का. एवढंच. पाणी घेता का. मी रडलो का? न्हाई रडलो. स्वारगेटच्या संडासात जाऊन तोंड धुतलं, परत धुतलं, बाहेर लाईन लागली, माणसं दार वाजवायला लागली तरी धूत ऱ्हायलो, आणि म्हसवडची गाडी धरली. घरी सांगितलं, जागा आधीच भरल्या होत्या. आजवर कुणाला — जाऊ द्या. तुमाला कशाला सांगतोय मी हे.

आता तुमी म्हणणार, व्हिडिओपायी पोरीची नोकरी गेली. ते बी मला ठाऊक हाय. आमच्या क्लासचा यशराज त्या दिवशी होता तितं, त्याला घेतलं कंपनीनं, त्यानं येऊन सगळं सांगितलं. डिसेंबरात कॉलेजवर कंपनी आली, लेखी परीक्षेत तुमची पोरगी तिसरी आली, आणि तुमी सकाळधरनं गेटाबाहेर मोटारसायकलवर बसून होता म्हणे, डबा घेऊन. आत गेली ती. तिघं बसलेले. त्यातल्या एका पोरसवदा साहेबानं तिच्याकडं बघितलं, परत बघितलं, आणि शेजारच्याला कोपर मारलं. बास. कुणी व्हिडिओचं नाव काढलं न्हाई. तिनं मात्र फाईल उचलली आणि उठून बाहेर आली. ह्यात माझा काय दोष सांगा. उठायचं कशाला? बसून ऱ्हायचं, म्हणायचं, व्हय, मीच ती. उलट वळख निघाली होती, बाकीच्या पोरांना तेवढी पण न्हवती. यशराज म्हणाला, गेटापर्यंत नीट चालत गेली, आणि तुमी विचारलं काय झालं, तर म्हणाली, जागा आधीच भरल्या होत्या. — असंच म्हणाली ना? हां. यशराजनं मला हे सांगितलं तवा मी दुसरा विषय काढला. काम होतं मला.

काय म्हणालात? घरात पण? म्हणजे इंग्लिश न्हवं — मराठी पण न्हाई? आईशी पण न्हाई? मान हलवती. भाकऱ्या करू लागती, बागंत येती, घड खुडती, पेटीत कागद घालती, सगळं करती, पण तोंडातनं शब्द न्हाई. सांगलीला दावलं. गळा चांगला हाय म्हणाले डॉक्टर. बघा, मग काळजी कशाची? रुसली असंल. ह्या वयात पोरी रुसतात, माझ्या बहिणीची पोरगी आठ दिवस जेवली न्हवती फोनपायी. कवापासून हाय हे? मुलाखतीपासनं ना? — न्हाई? मुलाखतीनंतर बोलत होती? संक्रांतीला घरोघर तिळगूळ दिला, सगळ्यांशी बोलली, हसली पण. मग? दुसऱ्या दिवसापासनं. किंक्रांतीला कऱ्हाडला मैत्रिणीकडं जाते म्हणून गेली आणि परत आली ती गप्पच. दीड महिना झाला. हां. किंक्रांत वाईटच दिवस अण्णा, त्या दिवशी पोरीला कुठं जाऊ देऊ नये. मैत्रिणीकडंच काय तरी झालं असंल. हितनं गेली तवा तर चांगली होती, जिना उतरताना मी स्वतः बघितलं —

हितनं म्हणजे. म्हणजे, हां, हितं आली होती. तुमाला म्हाईत न्हाई? मला वाटलं सांगितलं असंल तिनं. म्हणजे बोलतच न्हाई म्हणजे कसं सांगंल, ते बी खरं.

आता विषय निघालाच हाय तर ऐका, लपवायचं काय त्यात, उलट माझ्याच चांगुलपणाची गोष्ट हाय ती. ह्याच बॅचच्या वेळेला आली, पस्तीस पोरं बसलेली. दारात उभी ऱ्हायली आणि म्हणाली, सर, व्हिडिओ काढून टाका. मराठीतनं, हळू. मी म्हणालो, काढतो की, पण फुकट न्हाई. फळ्यापुढं उभी ऱ्हा, सगळ्यांसमोर दोन मिनिटं बोल, न थांबता. थांबली न्हाईस तर आत्ता तुझ्यासमोर काढून टाकतो, सिद्धनाथाची शपथ. पोरं सरसावून बसली. मला वाटलं, पळंल. मोबाईल लावला मी स्टँडला — लावणारच की, आणखी एक आधीचा मिळाला असता. ती आली फळ्यापुढं. पिशवी खाली ठेवली. हात मागं घेतले. आणि म्हणाली, माय नेम इज क्रांती. निघालं. कुठं अडकलं न्हाई, तुमी घरात हाक मारता ना, तसं सरळ निघालं. मग बोलतच गेली. तुमचंच बोलली पहिल्यांदा. म्हणाली, माझे वडील द्राक्षं करतात. पहाटे मला स्टेशनला सोडतात, थंडीत आपला स्वेटर मला घालतात आणि स्वतः पोतं पांघरून गाडी चालवतात, आणि मी म्हटलं तुमाला थंडी वाजंल तर म्हणतात, मला कुठं इंग्लिश बोलायचंय. — असं म्हणता तुमी? हे सगळं इंग्लिशमधनं अण्णा. साधंच इंग्लिश, बारकी बारकी वाक्यं, पण थांबली न्हाई. मग म्हणाली, मला वाटायचं मला इंग्लिशची भीती हाय. पण आरशापुढं बोलून बघितलं, बागंत वेलींपुढं बोलून बघितलं, सगळं येत होतं. भीती माणसांची होती. बघत ऱ्हाणाऱ्या माणसांची.

पुढचं काय महत्त्वाचं न्हाई. पुढं असंच काय तरी — माझं नाव घेतलं तिनं. म्हणाली, माय सर इज ऑल्सो अफ्रेड. आमच्या सरांना पण भीती वाटती. कशावरनं? तर दसऱ्याला मी क्लासचं बक्षीसवाटप केलं होतं, हॉल घेऊन, साताऱ्याचे एक रिटायर कर्नल पाव्हणे म्हणून आणले होते. व्हिडिओ टाकल्यावर बी तवर येत होती क्रांती, मागच्या बाकावर बसायची, म्हणून तिला काम दिलं होतं, बक्षिसाचं तबक धरून स्टेजवर उभं ऱ्हायचं. बोलायचं न्हाई काय. कर्नल फाडफाड इंग्लिश बोलायला लागले आणि मधीच माझ्याकडं वळून काय तरी विचारलं, माईक चालू, हॉल भरलेला. आणि मला फोन आला. अर्जंट होता. मी कानाला लावून पडद्यामागं गेलो, साहेब जाईपर्यंत आलोच न्हाई, काम तसं होतं. आणि ही कार्टी पस्तीस पोरांपुढं म्हणाली, द फोन डिड नॉट रिंग. फोन वाजलाच न्हवता. सरांच्या फोनची स्क्रीन काळीच होती, मी शेजारी होते, मी बघितलं. — आता हे तिनं टोमणा मारून म्हणलं असतं तर मी तिला तिथंच सरळ केली असती, मला येतंय ते. पण तसं न्हवतं. माझ्याकडं बघून, अगदी — तुमी आत्ता बघताय ना, तसं — म्हणाली, त्या दिवशी मला कळलं मी एकटी न्हाई. सरांना पण होतं. तवापासनं माझी भीती कमी होत गेली. थँक यू, सर. दोन मिनिटं अकरा सेकंद. मी मोजलंय.

पस्तीस पोरं वळून माझ्याकडं बघायला लागली. कुणी हसलं न्हाई. माझ्या तोंडाला कोरड पडली, उन्हानं असंल, आणि समोरचा तो फरदीन, चांगलं पोरगं हाय, त्यानं आपली बाटली पुढं केली. म्हणाला, सर, पाणी.

मी म्हणालो, व्याकरण चुकलं. तीन ठिकाणी चुकलं. आणि मधी एकदा श्वास घेतलास, ते थांबणंच झालं, अट मोडली. व्हिडिओ ऱ्हाणार. जा. तिनं पिशवी उचलली. दारात जाऊन एकदा तोंड उघडलं, काय तरी म्हणणार होती बहुतेक, आणि मिटलं. जिना उतरली. चांगली उतरली, कठड्याला धरून, मी वरनं बघितलं. — तेच शेवटचं असंल असं मला कसं कळणार होतं? आणि चुकलं होतंच की. ते डिड नॉट रिंग — न्हाई, ते बरोबर होतं. दुसरीकडं कुठं तरी चुकलं होतं. आता आठवत न्हाई.

का न्हाई काढला म्हणजे? तुमी बी तेच. कसा काढणार होतो मी? तिथं पस्तीस पोरांसमोर काढला असता तर ती जे बोलली ते खरं ठरलं असतं. उद्या त्यातलं एखादं उठून मला विचारंल, सर, तुमी बोलून दावा की दोन मिनिटं. मग? हा क्लास माझ्या तोंडावर चालतो अण्णा. तुमचं तसं न्हाई, तुमी वेलीशी बोलला न्हाई तरी द्राक्ष यायचं ऱ्हात न्हाई. मला रोज उभं ऱ्हायला लागतं हितं. आणि त्या एका व्हिडिओवर तीन बॅच भरल्या, म्हणजे किती पोरं शिकली तिच्यामुळं, ते बघा की. तिला सांगा, तुझ्यामुळं शंभर पोरं इंग्लिश बोलायला लागली. बरं वाटंल तिला.

काय? जरा मोठ्यानं बोला, पंख्याचा आवाज हाय. तो? दुसरा? किंक्रांतीचा? तो कशाला पायजे तुमाला? इंग्लिशमधी हाय म्हणालो न्हवं, तुमाला काय कळणार त्यातलं. — नुसता आवाज. नुसता आवाज ऐकायचाय. तिच्या आईला ऐकवायचाय एकदा.

अण्णा, तो न्हाई माझ्याकडं. त्याच संध्याकाळी घेऊन बसलो होतो. म्हणलं, माझ्याबद्दलचं कापावं, सुरवातीचं तेवढं जुन्याला जोडावं, आधी-नंतर झालं असतं छान, ते तुमच्या स्वेटरचं चांगलंच होतं, माणसं रडली असती. पण कुठंही कापलं तरी मला शेवटचंच ऐकू यायला लागलं. थँक यू सर. कापलं तरी तेच, आवाज बंद केला तरी तेच. काढून टाकला. फोनमधनं काढला, बाकी जिथं जातो आपोआप तिथनं पण काढला. न्हाई, परत येत न्हाई तो, मी बघितलं करून नंतर. आणि पोरांकडं असायचा प्रश्नच न्हाई, बॅचला फोन काढून घेतो मी दारातच.

आवाजच पायजे असला तर हा हाय की जुना. ह्यात हाय तिचा आवाज, माय नेम इज, आणि पुढं ते क्, क्. मागचं एस्टीचं इंजिन काढून देतो पायजे तर, तेवढं मी करीन तुमच्यासाठी. नंबर सांगा, पाठवतो. पण हाच तर काढून टाका म्हणत आलाय तुमी. मग आता काय करू? हे बघा, बोट ठेवलंय. एकदा दाबलं की संपलं, चार लाख माणसं बी गेली आणि ती बी गेली, मग तिच्या तोंडचं अक्षर ऱ्हाणार न्हाई कुठं. दाबू का? सांगा की. व्हय म्हणा न्हाई तर न्हाई म्हणा, एका अक्षराचं काम हाय, त्याला काय इंग्लिश लागत न्हाई. अण्णा. मी तुमाला विचारतोय. दाबू?

...

बरं. मग ऱ्हाऊ दे.

जिन्यात पोरं आली. या, कम इन, कम इन, फोन ट्रेमधी टाका. — अण्णा, उठा. बॅच सुरू झाली.